कारवानी कुत्री, भरतीची तयारी आणि बारावीतली बायोलॉजी

खटाव तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मुलगा 19 वर्षांचा आहे. बारावी सायन्स, बायोलॉजी ग्रुप, 56 टक्के. उंची 171. मिस्टर मुंबईला माथाडी कामगार आहेत. मुलगा वर्षभर एका भरती अकॅडमीत राहून तयारी करत होता, महिन्याला आठ हजार जात होते. 1600 मीटरला अजून सहा मिनिटं पाच सेकंद लागतात. नडगी दुखते म्हणून दिवाळीला घरी आला, तो आता परत जायचं नाव काढत नाही. घरी दोन कारवानी कुत्री आहेत, दिवसभर त्यांच्यातच असतो. लांबून शिट्टी मारली की पळतं कुत्रं जागेवर बसतं. अकॅडमीत जायच्या आधी त्यांच्यासोबत माळानं दहा-दहा किलोमीटर पळायचा, दमायचा नाही. गावातली पोरं ससे धरायला त्याला बोलावतात. माझा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाला. तो म्हणतो, कुत्र्यांमागं फिरून पोट भरत नाही, पोरात कस नाही. कुत्री विकून टाकू का? का त्यातच त्याचं काही होईल?"

ताई, नमस्कार.

कुत्री विकू नका. आणि हे उत्तर तुमच्या भावालाही वाचून दाखवा, कारण यात त्यांचं काम आहे.

आधी नडगी. मुलाला पलंगावर बसवा आणि नडगीच्या हाडावरून वरून खाली बोट दाबत न्या. सगळ्या हाडावर थोडंथोडं दुखत असेल तर बहुतेक वेळा काही आठवडे पळणं बंद ठेवून, मग हळूहळू वाढवून ते बरं होतं. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सुरुवातीला ती साध्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मुलगा भरतीची तयारी करतोय हे त्यांना स्पष्ट सांगा. तोवर पळणं पूर्ण बंद, कुत्र्यांसोबतसुद्धा.

आता ते सहा मिनिटं पाच सेकंद. अग्निवीर भरतीत 1600 मीटरला साडेपाच मिनिटांच्या आत आलं की पूर्ण 60 गुण, असं गणित योजना सुरू झाली तेव्हापासून आहे. म्हणजे 400 मीटरची एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. तुमचा मुलगा ती सव्वाएक्याण्णव सेकंदांत काढतो. फेरीमागं पावणेनऊ सेकंदांचा हा फरक रोज सकाळी जीव तोडून 1600 मीटर पळून भरून निघत नाही. बऱ्याच अकॅडम्यांमध्ये नेमकं तेच चालतं: पहाटे उठवायचं, डांबरी रस्त्यावर सगळ्यांना एकत्र सोडायचं, स्टॉपवॉच लावायचं, मागं राहिला त्याला बैठका. शरीर पळताना मोडतं आणि विश्रांतीत बांधलं जातं. विश्रांतीच नसेल तर नुसतं मोडत राहतं, आणि मग नडगी बोलते.

बरा झाल्यावर आठवड्यात दोनच दिवस जोराचे ठेवा. मातीच्या रस्त्यावर 400 मीटर मोजून खूण करा. अठ्ठ्याऐंशी सेकंदांत एक फेरी, मग दोन-तीन मिनिटं चालणं, अशा चार-पाच फेऱ्या. ते सहज जमायला लागलं की शहाऐंशी, मग चौऱ्याऐंशी. बाकीच्या दिवसांतले दोन-तीन दिवस गप्पा मारता येतील इतक्या आरामात लांब पळणं, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. पूर्ण 1600 मीटरची वेळ पंधरा दिवसांतून एकदा बघितली तरी पुरे.

ही पद्धत तुमच्या मुलाला नवीन नाही. त्यानं कुत्र्याला शिट्टीवर बसायला कसं शिकवलं, ते त्याला विचारा. मी पैजेवर सांगतो, तो म्हणेल की आधी जवळून शिकवलं, मग दहा पावलांवरून, मग बांधाच्या पलीकडून. कुत्रं कंटाळायच्या आत थांबायचो. बसलं की लगेच भाकरीचा तुकडा. कारवानी हे नजरेवर पळणारं कुत्रं आहे. एकदा वेगात सुटलं की त्याला मालकाची हाक ऐकू येत नाही असं सगळे म्हणतात. ते जागेवर बसवणं ही सोपी गोष्ट नाही. ज्या पोराला हे कोणी न शिकवता जमतं, त्याच्यात कस नाही असं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

पोलीस आणि निमलष्करी दलांच्या श्वान प्रशिक्षणातही मूळ काम हेच आहे. वासाचं कुत्रं तयार करताना ओळीनं सारखे डबे मांडतात, एकात स्फोटकाचा वास असतो. कुत्रं हुंगत जातं, त्या डब्यापाशी थबकतं, आणि खाली बसतं त्याच क्षणी त्याचा चेंडू त्याच्यापुढं पडला पाहिजे. दोन सेकंद उशीर झाला तर कुत्रं भलतंच शिकतं. स्फोटक सापडल्यावर ते भुंकत नाही, पंजानं उकरत नाही, शांत बसतं, तेही असंच शिकवलेलं असतं. आणि हँडलरनं, म्हणजे कुत्र्याची दोरी धरणाऱ्या माणसानं, त्या डब्याकडं बघायचंही नाही, कारण कुत्रं वासाआधी माणसाचा चेहरा वाचतं. त्यामुळं अर्धं प्रशिक्षण हँडलरचंच असतं: दोरी किती सैल, आवाज कुठं चढवायचा, स्वतःची घाई कशी लपवायची. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत 3,300 किलोहून अधिक आरडीएक्स शोधणारा 'झंजीर' हा लॅब्राडोर पुण्यात शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. 2023 च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या भूकंपात एनडीआरएफ या आपत्ती बचाव दलाच्या रोमिओ आणि ज्युली या कुत्र्यांनी ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी शोधून दिली. त्या कुत्र्यांची नावं सगळ्यांना माहीत झाली. त्यांच्या दोरीचं दुसरं टोक ज्यांच्या हातात होतं, ते साधे जवान होते, बहुतेक तुमच्या-आमच्या घरांतल्यासारख्याच घरांतून आलेले.

आता मुद्द्याची गोष्ट. "श्वान हँडलर" म्हणून थेट भरती होईल या आशेवर बसू नका. आधी जवान किंवा पोलीस व्हावं लागतं, मग दलातून इच्छुकांना निवडून श्वान पथकाच्या प्रशिक्षणाला पाठवतात. म्हणून कोणत्या दरवाजानं आत जायचं हे महत्त्वाचं आहे.

मी तुमच्या जागी असतो तर पहिलं बोट एसएससी जीडी कॉन्स्टेबलच्या परीक्षेवर ठेवलं असतं. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ, एसएसबी या दलांची ती भरती. दहावी पासवर बसता येतं, सर्वसाधारण गटाला 18 ते 23 वय, मुलांना 170 सेंटिमीटर उंची. तुमचा मुलगा बसतो. आणि धावणं आहे 5 किलोमीटर, 24 मिनिटांत. म्हणजे किलोमीटरला चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. माळानं दहा किलोमीटर न दमता जाणारं पोर दमाचं असतं, त्याला चार फेऱ्यांच्या झटापटीपेक्षा ही लांब दौड जास्त मानवते. वर्षभर त्याला त्याच्या ताकदीच्या नसलेल्या अंतरावर मोजलं गेलं, असं मला वाटतं. शिवाय श्वानांचं काम याच दलांत मोठं आहे: बीएसएफचं केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला, आयटीबीपीचं पंचकुलाजवळ भानूला, सीआरपीएफचं बंगळुरूजवळ तरळूला. या भरतीत संगणकावरची लेखी परीक्षा आधी असते, म्हणून नडगी बरी होईपर्यंतचे महिने गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि हिंदी किंवा इंग्रजीला द्या. अकॅडमीत वर्षभर लेखी परीक्षेकडं किती लक्ष दिलं, तेही त्याला विचारा.

दुसरा दरवाजा त्याच्या मार्कशीटमध्ये आहे. सैन्यात सोल्जर टेक्निकल, नर्सिंग असिस्टंट व्हेटर्नरी हे पद असतं. रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, जिचं केंद्र मेरठला आहे, तिथं घोडे, खेचरं आणि कुत्र्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखालचं काम. त्यासाठी बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि एकूण किमान 50 टक्के, प्रत्येक विषयात किमान 40 लागतात. तुम्ही 56 टक्के लिहिलंय. आज संध्याकाळी मार्कशीट काढा आणि या चार विषयांत कुठं 40 च्या खाली घसरलाय का ते बघा. घसरला नसेल तर जॉइन इंडियन आर्मीच्या संकेतस्थळावर या पदाची जाहिरात आली की अर्ज करायचा. सातारा-सांगलीची पोरं कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाखाली येतात. लेखी परीक्षेत बायोलॉजी-केमिस्ट्री येते, तेव्हा जुनी पुस्तकं रद्दीत गेली नसतील तर बरं.

अग्निवीर जनरल ड्युटीचा अर्जही भरायला हरकत नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के जणांनाच पुढं ठेवतात, हे ठाऊक असून भरायचा. महाराष्ट्र पोलीस भरती मला त्याच्यासाठी नंतरची वाटते. खुल्या गटाला 28 पर्यंत वय आहे, म्हणजे वेळ आहे. पण तिथं मैदानाचे 50 आणि लेखीचे 100 गुण असतात, आणि 1600 मीटरला पूर्ण गुणांसाठी पाच मिनिटं दहा सेकंद लागतात. जिल्हा पोलिसांच्या श्वान पथकाचं स्वप्न मात्र याच वाटेनं जातं.

पशुवैद्यक व्हायची त्याची स्वतःची इच्छा असेल तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण तिथं नीट परीक्षेतून जावं लागतं आणि साडेपाच वर्षं द्यावी लागतात. त्याला पुस्तकाची ओढ असेल तरच तो विषय काढा.

एका गोष्टीवर मला तुम्हाला जरा कडक बोलायचं आहे. ससे धरायला जाणं आजच्या आज थांबवा. आपल्या माण-खटावात कारवानी पाळणारे पुष्कळ जण ते चालतंय असं समजतात. ससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, कुत्र्यानं धरला तरी ती शिकारच. वन विभागानं एकदा गुन्हा दाखल केला की चारित्र्य पडताळणीत तो निघतो, आणि मग पाच किलोमीटर बावीस मिनिटांत पळून आला तरी उपयोग नाही. मोबाइलमध्ये फोटो, व्हिडिओ असतील तर त्या पोरांच्या ग्रुपमधूनही त्याला बाहेर काढा. पिल्लं विकायचा सल्ला कोणी दिला असेल तर त्यालाही 2017 पासून नियम आहेत, नोंदणीशिवाय तो धंदा करता येत नाही.

पुण्या-कोल्हापुरात घरची कुत्री शिकवणारे खासगी ट्रेनर असतात, काहींचं उत्तम चालतं. तुमच्या मुलाला त्यात हात घालायचा असेल तर एखाद्या चांगल्या माणसाकडं मदतनीस म्हणून राहावं. कारण लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डचा स्वभाव कारवानीहून फार वेगळा, नाकानं जग बघणारा. मारझोड करणारा, काट्याचा पट्टा वापरणारा ट्रेनर दिसला तर तिथून निघून यावं. पंधरा दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट देऊन मोठी रक्कम मागणाऱ्यांना पैसे देऊ नका, कोणत्याही दलाच्या भरतीत त्या कागदाला किंमत नाही. एनसीसीच्या सर्टिफिकेटला मात्र आहे. एसएससी जीडीत 'सी' असेल तर 5 टक्के, 'बी' असेल तर 3 टक्के बोनस मिळतो. म्हणून त्यानं बी.ए. किंवा बी.एस्सी.ला एनसीसी असलेल्या कॉलेजात नाव घालावं, असं मी आग्रहानं सांगेन. बाहेरून फॉर्म भरून डिग्री घ्यायच्या वाटेला लावू नका.

तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. बेळगावच्या सेंटरला त्यांनी महिनोन्‌महिने परेड केली असेल. सावधान-विश्राम, दाहिने मुड, थम. आज लढाईत कोणी रांगेत चालत जात नाही, तरी रिक्रूटला ड्रिल शिकवतातच, कारण एका शब्दावर शंभर माणसांचे पाय एकत्र पडायला लागले की पुढचं सगळं शिकवता येतं. चांगला उस्ताद पहिल्या दिवशी रिक्रूटकडून काय मागतो आणि तिसऱ्या महिन्यात काय मागतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझी त्यांना विनंती आहे की पुढचे सहा महिने भाच्याचं स्टॉपवॉच त्यांनी हातात घ्यावं. वेळा वहीत लिहाव्यात, दुखतंय म्हटलं तर थांबवावं, आणि सैन्यातल्या श्वान पथकांबद्दल त्यांनी जे पाहिलं असेल ते त्याला बसून सांगावं. 2023 मध्ये राजौरीत केंट नावाच्या लॅब्राडोर कुत्रीनं आपल्या हँडलरला वाचवताना जीव दिला, ती गोष्ट त्यांना नक्की माहीत असेल.

आठ हजारांचा प्रश्न राहिला. अकॅडमीत परत पाठवू नका. त्यातले दोन हजार चांगल्या बुटांसाठी ठेवा, डॉक्टरांचा खर्च निघेल, आणि सरावपरीक्षेची पुस्तकं येतील. मार्कशीट बघून झाली की बायोलॉजी ग्रुपचे चारही विषयांचे गुण मला कळवा, आणि मुलाला स्वतःच्या हातानं चार ओळी लिहायला सांगा. त्याचं म्हणणं मला अजून कळलेलं नाही.