गाडी कॅम्पवर, आपण गडावर

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतलीय, आत दोन बेड, छोटा ओटा, फ्रीज, टपावर सोलर. पवना, भंडारदरा, दापोली असं फिरणं चालू असतं. अडचण एकच, तुंग-तिकोना चढायचा म्हटलं की सगळ्यांनाच यायचं असतं आणि गाडी खाली एकटी राहते. हे म्हणतात चाकाला क्लॅम्प लावला की झालं, सासरे म्हणतात जीपीएस बसवा, मुलीला कॅमेरा हवाय. नक्की काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तिघंही अख्खी गाडी चोरीला जाईल या भीतीने बोलतायत. मला विचाराल तर ती भीती दुसऱ्या नंबरची. टपावर सोलर लावलेली एवढी मोठी गाडी घाटातून पळवली तर चार लोकांच्या लक्षात राहते, त्यापेक्षा खिडकीतून हात घालून लॅपटॉप, पर्स, गॅसची शेगडी उचलणं कितीतरी सोपं. आणि बाहेर मांडलेल्या खुर्च्या, वायरचं बंडल, बूट हे तर आयतंच, ते आत टाकल्याशिवाय हलायचंच नाही.

म्हणून आधी खिडक्या बघा. ट्रॅव्हलरच्या सरकत्या काचांची खिट्टी किती तकलादू असते ते बाहेर उभं राहून एकदा स्वतःच काच हलवून बघा, म्हणजे कळेल. सुताराकडून चॅनलच्या मापाच्या लाकडी पट्ट्या कापून घ्या आणि निघताना प्रत्येक काचेमागे एक एक आडवी टाका, काच सरकतच नाही, खर्च जवळजवळ शून्य. नंतर बसवलेल्या उघडझाप ॲक्रिलिकच्या खिडक्या असतील तर त्यांच्या प्लॅस्टिकच्या कड्या साध्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटतात, तिथे आतून जादा कडी बसवून घ्या. टपावरचा व्हेंट, म्हणजे हवेसाठीचं झडपेचं भोक, साधारण ४० बाय ४० सेंटीमीटरचा असतो, त्यातून बारका पोरगा आरामात उतरेल. आणि पोरगा नाही उतरला तर माकड उतरेल, महाबळेश्वर-भंडारदऱ्याकडे चोरापेक्षा मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते, ब्रेडचं पाकीट शोधताना सगळी गाडी उलटीपालटी करतात आणि वर मच्छरदाणी फाडून जातात. दारांना कंपनीच्या लॉकशिवाय बाहेरून जाडसर कडीकोयंडा आणि चांगलं कुलूप लावा, दिसायला बरं नाही दिसत पण ते दिसावं म्हणूनच लावायचं.

आता ह्यांचा क्लॅम्प. लावा की, लांबून दिसतो हाच त्याचा खरा उपयोग. पण त्याच्या जोडीला ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून इंधन पंपाच्या वायरिंगमध्ये एक छुपा कट-ऑफ स्विच टाकून घ्या, म्हणजे काच फोडून आत शिरला तरी गाडी चालूच होणार नाही. तो कुठे बसवलाय हे घरातल्या दोघांनाच माहीत असू दे, रीलमध्ये दाखवू नका.

सासऱ्यांचा जीपीएसही चांगलाच, फक्त तो सिमवर चालतो, आणि सह्याद्रीच्या खोऱ्यात रेंज गेली की मोबाईलवर शेवटचं ठिकाण दिसत बसतं. रेंज नसताना लोकेशन साठवून नंतर पाठवणारा आणि स्वतःची बॅकअप बॅटरी असलेला घ्या, नाहीतर चोराने गाडीच्या बॅटरीची वायर काढली की तुमचा ट्रॅकरही झोपला. ते ब्लूटूथचे छोटे टॅग आजूबाजूला दुसऱ्या कोणाचे फोन असतील तरच ठिकाण कळवतात, ओसाड माळावर कोणाचे फोन असणार? कॅमेऱ्याचंही रेंजचंच रडगाणं. तो हवाच असेल तर मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा घ्या आणि चटकन हाती लागणार नाही असा बसवा.

यापेक्षा गाडी कुठे लावता त्याला मी जास्त मार्क देईन. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ साली आलं, त्यात कॅराव्हॅन पार्क वगैरे आहे, पण आपण बहुतेक जण अजून कोणाच्या तरी शेतातच मुक्काम करतो ना. मग निदान त्या काकांच्या घरासमोर, दार त्यांच्या ओट्याकडे करून लावा. कळसूबाईला निघालात तर बारी गावात एखाद्या घराच्या अंगणात रीतसर पैसे देऊन लावा आणि कधीपर्यंत परत येणार ते सांगून जा. धरणाच्या कडेला एकांतात व्ह्यू भारी असतो, तिथे माणसं आत असतानाच थांबायचं.

निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद, चाकांना लाकडी ठोकळे. कुत्र्याला राखण म्हणून उन्हात बंद गाडीत ठेवून जाणारे लोक बघितलेत, ते अजिबात करू नका.

प्रश्न : गाडीचा फुल इन्शुरन्स आहे. कॅम्परमधलं सामान गेलं तर भरपाई मिळेल ना?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : लॅपटॉप, कॅमेरा, दागिने यांची नाही, मोटार पॉलिसी गाडीची असते, आतल्या सामानाची नाही. फ्रीज, इन्व्हर्टर, सोलर यांची किंमत ॲक्सेसरीज म्हणून पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते, ते एजंट आपणहून सांगेलच असं नाही. त्याआधीची गोष्ट म्हणजे गाडीत केलेला बदल आरटीओकडून आरसीवर चढवलाय का? नसेल तर क्लेमच्या वेळी तिथेच घोडं अडतं. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेलं अँटी-थेफ्ट उपकरण असेल तर ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये अडीच टक्के सूट असते, पण जास्तीत जास्त ५०० रुपये, तेव्हा सूट मिळते म्हणून महागडं घेऊ नका.

काही झालंच तर कशाला हात न लावता आधी फोटो, मग ११२ ला फोन, आणि एफआयआर त्याच दिवशी. पुण्यात परत आल्यावर लक्षात आलं तरी इथल्या पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो, ते तो हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतात. इन्शुरन्स कंपनीलाही लगेच कळवा. गाडीच गेली तर कंपनी दोन्ही चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी गाडीतल्या ड्रॉवरमध्ये ठेवायची सवय असेल तर ती आजच घरी आणून ठेवा. मूळ आरसीही घरीच, गाडीत डिजिलॉकरवरची चालते.