उत्तररंग कुलपात ठेवू नकोस

सांगली, गावभाग

चिरंजीव मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी तुझ्या पॉडकास्टचे इच्छास्वातंत्र्यावरचे दोन्ही एपिसोड ऐकले. सगळ्यांसाठी असलेला आधी, आणि फक्त पैसे भरणाऱ्या मेंबर्सना मिळणारा बोनस दुसऱ्या दिवशी. मधे एक रात्र मुद्दाम जाऊ दिली. तुझ्या बहुतेक श्रोत्यांच्या वाट्याला पहिलाच भाग येतो. तो ऐकून अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या मनात काय उरतं, ते मला पाहायचं होतं.

माझी ती रात्र चांगली गेली नाही. म्हणून हे पत्र लांबणार आहे.

मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांचा 1983चा प्रयोग तू फार सुरेख सांगितलास. तबकडीवर गोल फिरणारा ठिपका, त्याच्याकडे बघत बसलेली माणसं, मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं, आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगायचं. हालचालीच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी मेंदूत तयारी सुरू झालेली, आणि इच्छेची जाणीव मात्र 200 मिलिसेकंद आधी. मधले ते साडेतीनशे मिलिसेकंद तू अशा शांत आवाजात ताणलेस की मी खुर्चीत सरळ बसलो. मग तुझं शेवटचं वाक्य आलं: निर्णय तुम्ही घेत नाही, तो तुम्हाला फक्त कळवला जातो. त्यावर तानपुरा, आणि 'पुढचं बोनसमध्ये'.

बोनसमध्ये तू काय सांगितलंस? लिबेट स्वतः इच्छास्वातंत्र्य नाकारत नव्हते, शेवटच्या क्षणी माणूस हालचाल रोखू शकतो असं ते मानत. शर्गर या मेंदू-संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्या आलेखाचा वेगळाच अर्थ लावला: मेंदूत सतत चढउतार चालू असतात, आणि हालचालीच्या क्षणापासून मागे जाऊन अनेक नोंदींची सरासरी काढली की तेच चढउतार आधीच झालेल्या निर्णयासारखे दिसू शकतात. आणि तुझं स्वतःचं म्हणणं, जे मला सर्वांत आवडलं: मनगट कधी हलवायचं आणि मुलीचं शिक्षण थांबवायचं की कर्ज काढायचं, हे एका जातीचे निर्णयच नव्हेत. हे ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं. मला वाटलं, कारण तू मला फाईल पाठवली होतीस.

ज्याने पैसे भरले नाहीत, त्याच्याकडे नुसता घाव राहिला. उतारा 99 रुपयांच्या मेंबरशिपपलीकडे. तू हे ठरवून केलं नाहीस हे मी जाणतो. उत्कंठेवर भाग संपवायचा, हे सगळेच करतात आणि त्यात वावगं काही नाही, विषय रहस्यकथेचा असेल तर. इथे विषय माणसाच्या हातात काही आहे की नाही हा होता. हेडफोन लावून एकटा ऐकणारा माणूस तो प्रश्न स्वतःच्या घरावरून, नोकरीवरून, व्यसनावरून ताडून बघतो. दारू सोडून महिना झालेला कुणी ते शेवटचं वाक्य ऐकत असेल, असा विचार त्या रात्री माझ्या मनातून जाईना.

लहानपणी तू आजोबांबरोबर कीर्तनाला बसायचीस. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, श्रोत्याला विचारात पाडतात. मग मध्यंतरात बुक्का, हार. आणि उत्तररंगात तेच तत्त्व एका माणसाच्या गोष्टीतून उलगडतं. आता समज, पूर्वरंग देवळाच्या सभामंडपात झाला आणि उत्तररंगाला बुवांनी पैसे दिलेल्यांना तेवढं आतल्या खोलीत नेलं. तुझे आजोबा उठून गेले असते. ताट तिथेही फिरतं, बुवांना बिदागीही मिळते, पण ताट फिरतं ते आरतीला, पुरतं ऐकवून झाल्यावर.

पैसे घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. 'जेथे कीर्तन करावे, तेथे अन्न न सेवावे' हा तुकोबांचा अभंग कुणीतरी तुझ्या मेंबर्सच्या ग्रुपवर टाकला आणि तुला दिवसभर वाईट वाटत राहिलं, असं तू लिहिलंयस. त्या अभंगापुढे मीही मान खाली घालतो, पण तो तुझ्या डोक्यावर मारायला वापरला जावा हे मला पटत नाही. नोकरीवरून येऊन, साताऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून तू रात्री एकपर्यंत ध्वनिमुद्रण करतेस. त्या कष्टाचं मोल 112 माणसं आनंदाने देतात. घे. त्यांना मुलाखती न कापता पूर्ण ऐकव, तुझी टिपणं दे, महिन्यातून एकदा त्यांच्याशी थेट गप्पा मार, एपिसोड दोन दिवस आधी दे. यातलं काहीही कुलपात ठेवलंस तरी बाहेरच्या माणसाचं काही बिघडत नाही. विचाराचा उरलेला अर्धा भाग मात्र बाहेर आण. पहिला एपिसोड पुन्हा संपादित कर, दहा मिनिटं वाढव, आणि मेंबर्सना सरळ सांग की हे मी का करतेय. दोन-चार जण नाराज होतील. होऊ देत.

आता ग्रुपवरच्या भांडणाविषयी.

एक बाजू गोंदवल्याला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांची: कर्ता राम आहे, आपण निमित्त. दुसरी बाजू अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, शिबिरांत घडलेल्यांची: असं म्हणत राहिलात म्हणूनच बुवाबाजी फोफावते. मिरजेच्या एका मेंबरने मधेच तकदीर आणि तदबीर, म्हणजे नशीब आणि प्रयत्न, ही जोडी आणली आणि तो धागा कुणीच धरला नाही, याची मला हळहळ वाटली. तू लिहितेस, 'सर, दोन्हीकडची माणसं मला विचारतात, तू कुणाची?'

तू त्या मातीची आहेस जिने दोन्ही दिलं. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. ब्रह्मचैतन्य महाराज माण तालुक्यातल्या गोंदवल्याचे. डॉ. नरेंद्र दाभोलकर तुझ्या साताऱ्याचे, 20 ऑगस्ट 2013च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. आयुष्यभर ते सांगत राहिले की विरोध देवाला किंवा धर्माला नाही, श्रद्धेच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. ग्रुपवर त्यांचं नाव घेऊन जो दुसऱ्याच्या नामस्मरणाची चेष्टा करतो, त्याला हे वाक्य तू आठवून द्यायला हवं होतंस. आणि जो 'रामाची इच्छा' म्हणून मुलाला दवाखान्यात न्यायला उशीर करतो, त्यालाही तितक्याच स्पष्टपणे अडवायला हवं. गप्प राहिलीस ती मेंबर कमी होतील म्हणून, की खरंच सुचलं नाही म्हणून, हे तुझं तू तपास. पैसे देणारा श्रोता समोर असला की जीभ थोडी जड होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण लक्ष ठेव.

दोघांपुढे ठेवण्यासारखं एक सुचवतो. गीतेचा अठरावा अध्याय उघड. 61व्या श्लोकात भगवंत म्हणतात, ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्यांना फिरवतो. 62व्यात म्हणतात, त्यालाच शरण जा. आणि 63व्यात? 'यथेच्छसि तथा कुरु.' सगळ्याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. यंत्र, शरणागती आणि निवड, ओळीने तीन श्लोकांत. चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवताना या तीन श्लोकांपाशी मी दरवेळी अडखळलो. अर्जुनाला जर फिरवलंच जातंय, तर विचार कर असं त्याला सांगायचं कशाला? पुढे पुढे मला वाटू लागलं की हे सांगणं युद्धाच्या आधीचं आहे, ही गोष्ट महत्त्वाची. बाण अजून सुटलेला नाही. प्रारब्धाला आपल्याकडे सुटलेल्या बाणाची उपमा देतात ती यासाठीच, भात्यातले आणि हातातले बाण वेगळे. योगवासिष्ठात तर वसिष्ठ रामाला सांगतात की पूर्वीचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे एकमेकांना भिडतात आणि जो बळकट असेल तो जिंकतो. जतकडे माडग्याळी एडक्यांची टक्कर ज्याने पाहिलीय त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

म्हणजे करायचं बाकी असेल तिथे 'तुझ्या हातात आहे' म्हणावं. होऊन गेलं असेल तिथे हे शब्द जपून वापरावेत. मी एकदा नाही जपले, त्याची गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही.

2005चा पूर. आमच्या गल्लीत एकाचं किराणा दुकान होतं. पाणी दोन दिवस चढत होतं. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे गावभागातल्या पोरासोरांना पाठ. तो म्हणत होता, कृष्णामाई आपल्या दारात येत नाही. आली. साखर, डाळी, वह्या, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर चिखलात उभा राहून तो म्हणाला, 'सर, नशिबात होतं.' आणि मी, वर्गात उभा असल्यासारखा, त्याला म्हणालो: नशिबात काही नव्हतं, दोन दिवस हातात होते, तुम्ही ठरवलं असतं तर माल माडीवर गेला असता. एक शब्द खोटा नव्हता त्यात. तो पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही. 'नशिबात होतं' हे त्याचं जगाविषयीचं मत नव्हतं, उभं राहण्यासाठी त्याने धरलेली काठी होती, आणि ती मी हिसकावली.

2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या वेळी पातळी चढायला लागली तसा मी त्याच्या दारात गेलो आणि एकही वाक्य न बोलता पोती उचलायला लागलो. आम्ही दोघांनी आणि त्याच्या मुलाने अर्ध्याहून जास्त माल वर नेला. बोलणं झालं ते नंतर, माडीच्या पायरीवर, चहा पिताना. त्याने 2005चा विषय काढला नाही. मीही नाही.

हे सगळं मी त्या बाईंसाठी सांगतोय, ज्यांचा मुलगा महामार्गावर अपघातात गेला. त्यांनी ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली: त्या दिवशी त्याला थांबवणं माझ्या हातात होतं का? तू मनापासून उत्तर दिलंस, त्यांचा अपराधभाव जावा म्हणून. सगळं कारणांच्या साखळीने आधीच ठरलेलं असतं, तुम्ही काहीच वेगळं करू शकला नसता. त्यावर त्यांनी लिहिलं, 'मग मी त्याच्यासाठी रोज दिवा लावत होते तेही ठरलेलंच होतं का,' आणि ग्रुप सोडला.

मी काठी हिसकावली ती 'हातात होतं' म्हणून, तू हिसकावलीस ती 'हातात नव्हतं' म्हणून. त्यांचा प्रश्न व्याकरणाने प्रश्न होता, एवढंच. त्यांना मुलाविषयी बोलायचं होतं. तो किती वाजता निघाला, काय खाऊन निघाला, दारातून वळून बघितलं का. हे कुणी विचारलं नाही.

आणि आता ग्रुपवर मागणी आहे की या प्रश्नावर खास बोनस एपिसोड हवा. तू लिहितेस की अठरा जणांनी तसं लिहिलंय आणि नाव न घेता करता येईल. करू नकोस. इथे मी सल्ला देत नाही, विनवतोय. नाव नसलं तरी कुणाविषयी आहे ते कळणारच, त्या ऐकणारच, आणि आपल्या मुलाचं जाणं 99 रुपयांत मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत पाहतील. अठरा जणांचं कुतूहल वाईट नाही. त्यातल्या अनेकांच्या स्वतःच्या जखमा असतील. त्यांना सांग की तो प्रश्न त्या बाईंचा आहे आणि मी तो घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.

आणि खरंच जा. त्यांचं कऱ्हाड तुला तासाभराच्या अंतरावर. फोन करून विचार, येऊ का म्हणून. नको म्हणाल्या तर महिन्याने पुन्हा विचार. गेलीस तर माईक नेऊ नकोस, मोबाईल पिशवीत ठेव. माफी मागायची झाली तर एका वाक्यात माग, लांबवू नकोस. मुलाचा फोटो भिंतीवर असेल, त्याच्याविषयी विचार. देवघरात दिवा लावत असतील तर तू चपला काढून शेजारी उभी राहा. तुझा विश्वास आहे की नाही हे तिथे कुणी विचारणार नाही.

ग्रुपवाल्यांना 'तू कुणाची' याचं उत्तर हवं असेल तर, मला वाटतं, दे. पण सगळ्यांसाठीच्या एपिसोडमध्ये दे. तुला अजून ठरवता आलेलं नाही, असं तू मला लिहिलंयस. तेच त्यांना सांग, तुझ्या पत्रात लिहिलंस त्याच शब्दांत. मी तर सत्तरी ओलांडली तरी त्या तीन श्लोकांपाशी थांबलेलोच आहे, आणि रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळात जातो.

नवा संपादित भाग तयार झाला की ये. रविवारी सकाळी ये, दुपारी मी वाचनालयात असतो. दोघांनी मिळून तो शेवटपर्यंत ऐकू, मग संगमावर हरिपूरला जाऊ. कऱ्हाडला काय झालं ते वाटेत सांग, सांगावंसं वाटलं तर.

तुझा,
सर