टॅक्स पुणे महापालिकेला, मग मतदान बारामती लोकसभेत का?

तुमचा प्रश्न असा की नऱ्ह्यात फ्लॅट घेतला, मिळकतकर पुणे महापालिकेला भरता, आधारवर पुणे, पिनकोड पुण्याचा, आणि मतदार यादीत बघायला गेलात तर लोकसभा बारामती. हे कसं काय, पुणे लोकसभेची हद्द कुठं संपते आणि नाव पुण्यात घेता येईल का. मी धायरीचा, म्हणजे तुमच्याच मतदारसंघातला, आणि या विषयावर माझी घरात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे भांडणं झालेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार.

हद्द आधी सांगून टाकतो. पुणे लोकसभा म्हणजे सहा विधानसभा: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट, कसबा पेठ. बास. शहराचे आमदार आठ म्हणतात ना, त्यातले हे सहा. उरलेले दोन म्हणजे खडकवासला आणि हडपसर. आपण खडकवासला, म्हणून बारामती. हडपसर गेलं शिरूरला. म्हणजे मगरपट्ट्यातला माणूस जुन्नरवाल्याबरोबर खासदार निवडतो आणि आपण इंदापूरवाल्याबरोबर. हिंजवडी तर मुळशी तालुक्यात, मुळशी भोर विधानसभेत आणि भोर परत बारामतीत, त्यामुळे आयटी पार्कचा खासदारसुद्धा बारामतीचाच. हे ऑफिसात कुणाला सांगितलं की लोक हसतात, त्यांना वाटतं मी गंमत करतोय.

आता ऑफिसचं निघालंच आहे तर २०२४ चं ऐका. बारामतीचं मतदान तिसऱ्या टप्प्यात, ७ मे, मंगळवार. पुणे, शिरूर आणि मावळ चौथ्या टप्प्यात, १३ मे, सोमवार. आमचं ऑफिस शिवाजीनगरला. एचआरची मेल आली की मतदानानिमित्त सोमवारी १३ तारखेला सुट्टी, सगळ्यांनी मतदान करा, लोकशाही बळकट करा वगैरे. लोकांनी लगेच शनिवार रविवार सोमवार धरून कोकणात बुकिंग केलं, तो भाग सोडा. मी उलट मेल टाकली की माझं मतदान ७ ला आहे, मला ७ ची सुट्टी हवी. उत्तर आलं की धायरी पुण्यातच येतं, तुमचा पत्ता पुणे ४१ आहे, पुण्याचं मतदान १३ ला आहे. मी म्हटलं पिनकोड पोस्टाचा असतो हो, मतदारसंघाचा नाही. मग त्या बाई म्हणाल्या की बारामती इथून शंभर किलोमीटर आहे, तुम्ही तिथं मतदानाला जाणार असाल तर एक दिवसाची रजा टाका. मला कुठंही जायचं नव्हतं, माझं केंद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण ते त्यांच्या डोक्यात शिरेना, कारण त्यांच्या डोक्यात बारामती म्हणजे एक गाव.

मी ओळखपत्राचा फोटो पाठवला. तर त्यावर फक्त विधानसभेचं नाव, २११ खडकवासला. लोकसभेचं नावच नाही. आमचा एवढा जो घोळ होतो तो निम्मा इथंच होतो असं माझं मत आहे, अर्ध्या धायरीला आपण कुठल्या लोकसभेत आहोत ते प्रचाराची रिक्षा दारात आली की कळतं. शेवटी मी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब काढलं, त्यात स्पष्ट आहे की मतदानाचा हक्क असलेल्या कामगाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायचीच, नाही दिली तर मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड. दंड हास्यास्पद आहे, मान्य, पण कायदा तो कायदा. मॅनेजर मध्ये पडला आणि सुट्टी मिळाली, पण अट अशी की १३ ला कामावर यायचं. आलो. आख्ख्या मजल्यावर मी आणि सिक्युरिटीवाले काका. ते हडपसरचे, त्यांचं मतदान त्याच दिवशी होतं, त्यांना मात्र कुणी सुट्टी दिली नव्हती, सकाळी सातला मत टाकून ते ड्यूटीवर आले होते. याची मेल मी मॅनेजरला केली, तिचं उत्तर अजून यायचंय.

तर का. हा सगळा खेळ २००८ च्या पुनर्रचनेचा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखण्याचा आहे, त्याआधी खडकवासला नावाचा मतदारसंघच नव्हता. कोथरूड, वडगाव शेरी, हडपसर हेही तेव्हाच आले, बोपोडी आणि भवानी पेठ गेले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पुनर्रचना आयोगाने २००१ ची जनगणना धरली. महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख, विधानसभा २८८, म्हणजे एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. पुणे जिल्हा ७२ लाखांचा, भागाकार करा, साडेएकवीस येतं, जिल्ह्याला २१ विधानसभा मिळाल्या. लोकसभा ४८, म्हणजे एका लोकसभेत सहा विधानसभा, आणि कायद्याने एक विधानसभा दोन लोकसभांत तोडता येत नाही. एकवीस भागिले सहा, साडेतीन. तीन पूर्ण झाल्या, पुणे, बारामती, शिरूर. उरलेल्या मावळ, चिंचवड आणि पिंपरी यांना घाट उतरवून रायगडच्या पनवेल, कर्जत, उरणला जोडलं आणि मावळ लोकसभा केली. आणि महापालिकेची तेव्हाची लोकसंख्या २५ लाखांच्या वर, म्हणजे साडेसात विधानसभांएवढी. सहाच्या डब्यात साडेसात बसत नाहीत, दोन बाहेर काढाव्याच लागणार होत्या, आणि बाहेर काढायचं तर कडेचंच काढणार, कसबा पेठ थोडीच काढणार आहेत. पिंपरी चिंचवडचं बघा, तीन विधानसभांचं आख्खं शहर, पण दोन मावळात आणि भोसरी शिरूरात, त्या शहराच्या नावाची लोकसभाच नाही. त्यापुढं आपलं दुखणं काहीच नाही.

त्यात आपल्याकडचा गोंधळ वाढला तो महापालिका फुगत गेली म्हणून. आम्ही राहायला आलो तेव्हा आमची सोसायटी ग्रामपंचायतीत होती, टँकर आणि ग्रामसेवक दोन्ही पाहिलेत. २०१७ ला ११ गावं महापालिकेत आली त्यात आमचा भाग आला, २०२१ ला आणखी २३ गावं आली. टॅक्सची पावती बदलली, लोकसभा जागेवरच. महापालिकेची हद्द राज्य सरकार वाढवतं, मतदारसंघाची हद्द पुनर्रचना आयोग ठरवतो, या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

आता माझ्या चुलतभावाकडे येतो, कारण तुमचा प्रश्न वाचून मला पहिल्यांदा तोच आठवला. दादा नारायण पेठेत राहतो. मी धायरीला आलो तेव्हापासून त्याचं एकच, तुम्ही काय आता बारामतीकर. दिवाळीला बारामतीकर, गणपतीला बारामतीकर. वर त्याची थिअरी अशी की बारामती सेफ करायला म्हणून खडकवासला मुद्दाम तिकडे ओढला. अरे बाबा, आकडे तरी बघ. २०१४, २०१९, २०२४, तिन्ही वेळा बारामतीत सुप्रिया सुळे जिंकल्या आणि तिन्ही वेळा खडकवासल्यात लीड समोरच्या उमेदवाराला होतं. २०२४ ला तर सहापैकी फक्त खडकवासल्यातच सुनेत्रा पवार पुढे होत्या. सेफ करायला हे ओढलं असेल तर ओढणाऱ्याचं गणित कच्चं होतं.

मग तो इतिहासावर येतो. आमच्या पुण्यानं काकासाहेब गाडगीळ दिले, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ५७ ला नानासाहेब गोरे दिले, ६७ ला एसेम जोशी दिले, मोहन धारिया दिले एकदा काँग्रेसकडून आणि एकदा जनता पक्षाकडून, तुमच्याकडे काय. सगळं खरं आहे, मलाही अभिमान आहे, माझा जन्म त्याच वाड्यातला. पण दादा हे सांगत नाही की १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पुण्याच्या दोन लोकसभा होत्या, पुणे मध्यमधून काकासाहेब आणि पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव. म्हणजे ‘अखंड पुणे’ सुरुवातीलाही नव्हतं. हद्द दर पुनर्रचनेला हलत आली आहे आणि एसेमना मत देणाऱ्या पुण्यात आजचं अर्धं कोथरूड शेतच होतं.

आणि खरी मजा २०२३ ची. २९ मार्चला गिरीश बापट गेले, जागा रिकामी झाली. लोकसभेची मुदत एक वर्षाहून जास्त बाकी होती, म्हणजे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी होती, झालीच नाही. डिसेंबरात मुंबई हायकोर्टानं निवडणूक आयोगाला झापलं आणि ताबडतोब घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, आणि थेट २०२४ च्या जूनपर्यंत पुण्याला खासदार नव्हता. मी दादाला तेव्हा दर सणाला विचारायचो, आम्हाला आमच्या खासदाराचं पत्र मिळालं, तुझ्या खासदाराला काही निरोप द्यायचाय का. एवढा आनंद मला दुसऱ्या कशानं क्वचितच झाला असेल.

नाव पुण्यात आणता येईल का, तर येईल, पण घर तिकडे असेल तरच. फॉर्म ८ भरायचा, पत्ताबदलाचा, ऑनलाइन होतो. पण तुम्ही नऱ्ह्यात राहणार आणि नाव मित्राच्या किंवा मामाच्या कोथरूडच्या पत्त्यावर लावणार असाल तर तो धंदा करू नका. कायद्याप्रमाणे जिथं राहता तिथंच नाव, आणि खोटा पत्ता दिला तर गुन्हा आहे. आमच्याकडे हाच वाद झाला होता. दादाचं म्हणणं होतं की माझं नाव पेठेतच राहू दे, आपल्या घराची मतं एकगठ्ठा दिसली पाहिजेत, नगरसेवक मान देतो. मी नाव काढून धायरीला लावलं तर मला घर तोडणारा वगैरे ऐकावं लागलं, काकू आठवडाभर बोलत नव्हत्या. पण मला सांगा, पाणी मला धायरीत येत नाही, ट्रॅफिकमध्ये मी सिंहगड रोडला अडकतो, आणि मत नारायण पेठेच्या नगरसेवकासाठी देऊ? त्याला काय पडलंय माझ्या पाण्याचं.

दादाच्या मुलानं आता फ्लॅट घेतलाय बावधनला. बावधन खुर्द नाही, बावधन बुद्रुक, मुळशीच्या बाजूचं. म्हणजे विधानसभा भोर, म्हणजे लोकसभा बारामती. पोरगा तिथं सहकुटुंब राहतो आणि नाव अजून पेठेत. मी दादाला फॉर्म ८ ची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवलीय, दोन निळ्या टिका आल्यात.

काही गोष्टी राहिल्या. नऱ्हे, धायरी, नांदेड सिटी ही खडकवासल्यात आहेत हे नक्की, पण सिंहगड रोडचा शहराकडचा तुकडा पर्वतीत येतो आणि कात्रजच्या बाजूला खडकवासला आणि हडपसर एकमेकांत घुसलेत, तिथं अंदाजाने बोलू नका, ओळखपत्राचा नंबर टाकून निवडणूक आयोगाच्या साइटवर बघा. पुनर्रचनेच्या आदेशात हद्दी २००१ च्या जनगणनेतल्या वॉर्ड नंबरांनी लिहिल्यात, आत्ताच्या प्रभागांशी त्या जुळवत बसाल तर डोकं फिरेल, मी बसलो होतो. आणि हे सगळं कायमचं नाही, लोकसभेच्या जागा ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्यात, त्यानंतर पुन्हा आखणी झाली तर आपण पुण्यात जाऊ किंवा भलतीकडेच जाऊ. तोवर रस्ता, पाणी, कचरा यासाठी खासदाराच्या नावानं बोंबलण्यात अर्थ नाही, ते महापालिकेचं काम, आणि तिथं २०२२ च्या मार्चपासून वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्यावर कुणी प्रश्न विचारला असता तर मी याच्या दुप्पट लिहिलं असतं.