अ‍ॅबट्सबरीच्या टेकडीवर जाण्याआधी

इंग्लंडमधल्या डॉर्सेटला पहिल्यांदाच निघालायस, तर नुसत्या फोनवर विसंबू नकोस. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० नकाशा घे. त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे ज्यांवरून जायचा सगळ्यांना हक्क आहे अशा वाटा. आखूड तुकड्यांच्या फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, लांब तुकड्यांच्या घोडेस्वारांसाठीही.

अ‍ॅबट्सबरी गावातून चढताना घाई नको. उतारावर पायऱ्यापायऱ्यांसारखे टप्पे दिसतील, ती मध्ययुगीन शेतं. माथ्यावरचं सेंट कॅथरिनचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, १४व्या शतकातलं, छपरासकट दगडी. १५३९मध्ये खालचा मठ बंद झाला, पुढे पाडला गेला. चॅपल मात्र वाचलं, बहुधा खलाशांना खूण म्हणून उपयोगी पडायचं म्हणून. आत जाऊन थोडा वेळ गप्प उभा राहा. ते रिकामेपण मला फार आवडतं.

आणि हो, कुरणाचं फाटक लावायला विसरू नकोस. मेंढ्या असतात.