स्वित्झर्लंडची तयारी सोयाबीनच्या पट्टीपासून

प्रश्न : ताई, नमस्कार. मी उदगीर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, येत्या ३१ मे रोजी निवृत्त होते आहे. आमचे हे ६२ वर्षांचे, आठ एकर कोरडवाहू रान बघतात. सोयाबीन, तूर, हरभरा. लेकीचं लग्न झालं, देणं काही राहिलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला वर्गात आल्प्स पर्वत शिकवला तेव्हापासून तो एकदा डोळ्यांनी बघायची इच्छा आहे. दोघांचेही पासपोर्ट नाहीत. यांचं नाव टीसीवर ‘माधव’ आणि आधारवर ‘माधवराव’ आहे. हे आयकर भरत नाहीत. इथला एक एजंट म्हणतो, ‘बारा दिवसांत सात देश दाखवतो, माणशी दोन लाख चाळीस हजार द्या, व्हिसाची गॅरंटी माझी.’ शेतकऱ्याला युरोपचा व्हिसा मिळत नाही असंही लोक सांगतात. आम्हाला जमेल का?
— एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : बाई, जमेल. आणि आल्प्सच बघायचा असेल तर आल्प्सलाच जा. ‘आधी जवळचा एखादा देश करा, मग युरोपचा व्हिसा मिळतो’ असं सांगणारे तुम्हाला भेटतीलच. शेंगेन व्हिसाला, म्हणजे स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाला, अशी काही अट नाही. शेतकऱ्याला व्हिसा मिळत नाही हेही खोटं. कशासाठी चाललात, खर्च झेपतो का आणि परत येणार का, हे मुख्यतः बघितलं जातं. परत येण्याचं कारण तुमच्याइतकं भक्कम फार थोड्यांकडे असतं : रान, घर, पेन्शन. खर्च झेपतो हे मात्र कागदावर दिसावं लागतं, आणि त्याला एक हंगाम लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत : या वर्षी घाई नको, पुढच्या वर्षी मे महिन्यात जा.

मेच का? जून-जुलै पेरणीचे. सप्टेंबरमध्ये तिकडे हवा छान असते, पण आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि त्यांच्या पाठोपाठ सोयाबीन काढणीला येतं. घरची बाई आणि रानाचा मालक दोघंही त्या दिवसांत बाहेर राहू शकत नाहीत, आणि राहिले तरी जीव तिकडे रमणार नाही. मेमध्ये हरभरा विकून झालेला असतो, रान मोकळं असतं. विमानाचं भाडं चढं असतं हे खरं, पण तुम्ही जानेवारीतच अर्ज केलात तर व्हिसा हातात घेऊन वेळेत तिकीट काढता येईल. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, क्वचित ४५ दिवसही लागतात.

आता नावाचं बघू, कारण सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडकतात. आपल्या मराठवाड्यात पुरुषाला ‘राव’ आणि बाईला ‘बाई’ लावल्याशिवाय कुणी नाव लिहीत नाही, आणि आधारचं शिबिर भरलं तेव्हा ऑपरेटरनेही तसंच टंकलं. माझ्या सासूबाईंचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं होतं. उपाय सोपा आहे, पण क्रमाने करा. टीसीवरचं ‘माधव’ हे मूळ धरा. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा, ते एका कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि आधी आधार, मग पॅन, मग बँक असं एकेक दुरुस्त करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पावती हातात पडताच अक्षर न् अक्षर तपासा. ते पूर्ण झाल्यावरच पासपोर्टचा अर्ज. अर्जात आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटकाला प्रवेश बंद केला आहे. उद्या दुबईला जायचं ठरलं तर तिथे अडाल.

तुम्ही ३१ मे रोजी निवृत्त होता म्हणजे तुमची जन्मतारीख बहुतेक १ जून असणार. आपल्या पिढीतल्या किती जणांची ती आहे! शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली, तीच पक्की झाली. सगळ्या कागदांवर तीच असेल तर तीच ठेवा. आता खरी तारीख शोधून लावायला जाऊ नका.

पासपोर्टचा अर्ज सरकारच्या ‘पासपोर्ट सेवा’ पोर्टलवर स्वतः भरा. तशाच दिसणाऱ्या, जादा पैसे घेणाऱ्या साइट पुष्कळ आहेत, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते बघून घ्या. ३६ पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टची फी १५०० रुपये. यजमान साठीच्या पुढचे आहेत, त्यांना १० टक्के सवलत आहे. तत्काळच्या जादा २००० रुपयांची तुम्हाला काही गरज नाही. भेटीची वेळ घेताना पोस्टातली केंद्रंही बघा. तुम्ही निवृत्तीआधीच अर्ज केलात तर कार्यालयाला पूर्वसूचनेचं पत्र द्यावं लागेल.

पैशाचं बोलू. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून यजमानांनी विवरणपत्र भरलं नाही, यात काही चूक नाही. अडचण अशी, की आपल्याकडे माल आडतीवर जातो, रोख हातात येते आणि ती बियाणं-खताच्या उधारीत, घरात, पाहुण्यारावळ्यांत जाते. बँकेच्या पासबुकात त्यातलं काहीच उमटत नाही. यंदाचं सोयाबीन विकताना आडत्याला सांगा, पैसे खात्यावर टाका. पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेली विक्रीची पावती, जपून ठेवा. हमीभावाने खरेदी केंद्रावर दिलं तर पैसे खात्यातच येतात. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. दोघांच्या वतीने एक साधं पत्र लिहा : किती रान आहे, काय पिकतं, कोणत्या महिन्यात पैसे येतात, पेन्शन किती. तुमचा पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि बँकेत येणारी दरमहाची पेन्शन हा सगळ्यात वजनदार पुरावा आहे, त्यामुळे दोघांचा खर्च तुम्ही करता असं दाखवणं सोपं जाईल. ग्रॅच्युइटीची मोठी रक्कम एकदम जमा होईल. तिच्या मंजुरी आदेशाची प्रत जोडा म्हणजे प्रश्न उरत नाही. पण कुणी म्हणालं की ‘महिनाभर चार लाख खात्यात फिरवून देतो’, तर त्याला दारातूनच परत पाठवा. अर्जाच्या तोंडावर अचानक फुगलेलं खातं पहिल्या नजरेत दिसतं. पीककर्ज तर या कामाला अजिबात लावू नका, बाई. ते रानाचं आहे.

व्हिसाची फी माणशी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा बंधनकारक आहे. त्यात बीपी-शुगर लपवू नका. पुढे दावा नाकारला जातो तो याच कारणाने. व्हिसा देणं न देणं हे त्या देशाच्या हातात असतं, त्यामुळे ‘गॅरंटी’ हा शब्द ज्याच्या तोंडी आला त्याच्याकडे मूळ कागद ठेवू नका.

बोटांच्या ठशांसाठी दोघांनाही स्वतः केंद्रावर जावं लागेल. आपल्या शेतकऱ्यांची बोटं खुरपं-विळ्याने झिजलेली असतात. रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही हे आपण रोज बघतो. व्हिसा केंद्रातही तसंच होतं. आधीचा आठवडा यजमानांना रानातल्या कामापासून लांब ठेवा आणि रात्री हाताला खोबरेल तेल चोळायला सांगा. तुम्ही कुणाच्या लग्नात मेंदी लावून घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि ठसे घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. विमान बदलायचं असेल तर मध्ये चांगला वेळ ठेवा.

एजंटच्या पॅकेजबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बारा दिवसांत सात देश म्हणजे निम्मा प्रवास बसच्या खिडकीतून. तुम्हाला डोंगर बघायचा आहे. डोंगरासमोर बसायला वेळ लागतो. शिवाय २ लाख ४० हजारांत काय नाही ते विचारा : व्हिसा फी, विमा, दुपारचं जेवण, ड्रायव्हर-गाइडची रोजची टीप, ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिलेल्या सहली, मुंबईपर्यंतचं जाणं-येणं. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो तो किमतीत धरलाय का? त्याशिवाय टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. हा टीसीएस ज्याच्या पॅनवर कापला त्याला विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो, म्हणून पैसे तुमच्या पॅनवर आणि तुमच्या खात्यातून भरा. यजमानांच्या नावाने भरलेत तर त्या परताव्यासाठी त्यांनाही विवरणपत्र भरावं लागेल.

मी असते तर एकच देश घेतला असता, स्वित्झर्लंड. आठ-नऊ रात्री, दोनच मुक्काम : एक ल्युसर्न, एक इंटरलाकेन. दोन्हीकडे सरोवर आणि डोंगर पायाशी आहेत, आणि तिथल्या रेल्वेगाड्या वेळेवर सुटतात, त्यामुळे साठीतल्या माणसालाही गाडी बदलणं अवघड जात नाही. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. देश महाग आहे. बाहेर दोन वेळ जेवलात तर पैसा दिसता दिसता संपेल, आणि आठवडाभर ब्रेड खाऊन यजमान कंटाळतील. चलन युरो नाही, स्विस फ्रँक. आल्प्सच्या बर्फात वर नेणाऱ्या डोंगरी रेल्वेचं युंगफ्राउयोख हे स्टेशन ३४५४ मीटर उंचीवर आहे. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या पुढे जातं. ‘हाफ फेअर कार्ड’ (तिथल्या रेल्वेचं सवलतीचं कार्ड) घेतलं तर तिथेही सवलत मिळते. बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच वर जा. नाही गेलात तरी खालून दिसणारा डोंगर तोच आहे.

पैसे फॉरेक्स कार्डावर (आधीच परकीय चलन भरलेल्या कार्डावर) न्या, थोडे रोख फ्रँक जवळ ठेवा. पन्नास हजार रुपयांहून जास्त परकीय चलन घेताना रोखीने व्यवहार होत नाही, चेकने किंवा खात्यातून करा. तिकडे मशीनने ‘रुपयांत की फ्रँकमध्ये’ विचारलं तर फ्रँक निवडा. रुपयांतला दर महाग पडतो. बँकेला जोडलेलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही.

शेंगदाण्याची चटणी, येसर, धपाटे खुशाल न्या. तूप, पेढे, खवा घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. कढीपत्ता, ताजी फळंही नकोत. आणि यजमानांना आत्ताच सांगून ठेवा : तिकडचं बी कितीही आवडलं तरी खिशात घालून आणायचं नाही, परवान्याशिवाय बियाणं देशात आणायला बंदी आहे.

व्हिसासाठी मुंबईला उदगीरवरून जाणारी बिदर–मुंबई गाडी सोयीची. पण विमान मुंबईहूनच धरलं पाहिजे असं नाही. बिदर-जहीराबादमार्गे हैदराबादचं विमानतळ तुम्हाला मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. एक विमान बदलावं लागेल, पण दोन्हीकडची भाडी शेजारी ठेवून बघा आणि घरापासूनचा गाडीखर्चही त्यात धरा.

प्रश्न : आम्ही चार मित्र थायलंडला चाललोय. तिथला डिजिटल अरायव्हल कार्डाचा फॉर्म भरायला इथला एक सेंटरवाला माणशी दीड हजार मागतोय. द्यावेत का?
— एक तरुण वाचक, परभणी

उत्तर : एक रुपयाही देऊ नका, भाऊ. १ मे २०२५ पासून हे कार्ड सक्तीचं आहे, पण ते थायलंडच्या इमिग्रेशनच्या स्वतःच्या साइटवर फुकट भरता येतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं. पासपोर्ट, विमानाचा क्रमांक आणि हॉटेलचा पत्ता समोर घेऊन बसा, चौघांचे फॉर्म एका बैठकीत होतील. आलेल्या क्यूआर कोडचा फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा, आणि एक छापील प्रत पासपोर्टमध्ये घाला. उतरल्यावर बॅटरी संपलेली असू शकते.