खोलातल्या खनिजाचं भाकीत

प्रश्न : सर, माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक १२ किलोमीटरचं. मग ६६० किलोमीटरवर खनिजाचं रूप बदलतं, हे गणिताने कसं सांगतात?
– बारावीची विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : बाय, हिशेब ऊर्जेचा. त्याच अणूंच्या प्रत्येक संभाव्य स्फटिकरचनेची गिब्ज ऊर्जा, म्हणजे ऊर्जा, दाब आणि तापमान यांचा एकत्र हिशेब, काढायची. त्या दाब-तापमानाला जिची सर्वांत कमी, ती टिकते. दाब वाढला की कमी जागेत बसणारी रचना जिंकते. ऑलिव्हिन या प्रावरणातल्या मुख्य खनिजाचं ४१० किलोमीटरच्या आसपास वॅड्सलेआइट होतं, पुढे रिंगवुडाइट; ही त्याचीच जास्त घट्ट रूपं. ६६०ला, साधारण २३ गिगापास्कल (दाबाचं एकक) दाबावर, ते मोडून ब्रिजमनाइट आणि फेरोपेरिक्लेज ही दोन आणखी घट्ट खनिजं होतात. गंमत इथेच आहे: ४१०ला तापमान वाढलं तर बदलाला दाब जास्त लागतो, ६६०ला कमी. म्हणून खाली बुडणाऱ्या थंड भूपट्टापाशी ६६०ची सीमा आणखी खाली जाते, आणि भूकंपलहरींत ती तशी दिसतेही.

पण गणितात एका गिगापास्कलची चूक म्हणजे पंचवीसेक किलोमीटरची चूक. डिचोलीच्या खाणीवर नमुने तपासण्यात माझ्या नोकरीचा सगळा काळ गेला. हिऱ्यांच्या दोन टोकांत कण दाबून, लेसरने तापवून पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही. २००४ साली पोस्ट-पेरोव्स्काइटच्या, म्हणजे ब्रिजमनाइटच्या आणखी खोलातल्या रूपाच्या, बाबतीत प्रयोग आणि गणित दोन्ही जुळले, ते आवडलं.

अकरावीचं उष्मागतिकीचं प्रकरण पुन्हा काढ, गिब्ज तिथेच आहे.