नाव न होऊ देता निसर्गासाठी आणि गावासाठी पैसे द्यायचे असतील तर कुठे आणि कसे द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की छोटा कारखाना आहे, दरवर्षी थोडी रक्कम निसर्गाच्या आणि गावाच्या कामाला द्यायची आहे, नाव नको, संस्था सुचवा. संस्था सुचवायला बरेच जण येतील. मला त्या ‘नाव नको’वर बोलायचंय, कारण यावरून आमच्या घरात दोन सख्ख्या भावांचा अबोला झालाय.

आमची सॉ मिल आहे, संगमेश्वर तालुक्यात. ते भाऊ म्हणजे अण्णा आणि काका, दोघे मिलचे भागीदार, हिशेब माझ्याकडे. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात १९९६ साली सुप्रीम कोर्टाचा तोडीला लगाम घालणारा हुकूम आला, तेव्हापासून तर सॉ मिलवाला म्हटला की जंगलचोरच, असं लोक धरून चालतात. अशा माणसाने रानासाठी खिशात हात घातला तर गाव काय म्हणणार? पाप धुतोय. अण्णा दरवर्षी पैसे घालूनही गप्प राहिले ते म्हणून. त्यात संतपणा काही नव्हता.

काम कसलं, तर जाळरेषा काढायचं, म्हणजे वणवा अडावा म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करायचा. आमचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पावसाळ्यात फुलांनी भरतो आणि जानेवारीत नुसतं वाळलेलं गवत. कोणी बांध भाजायला काडी लावतो, कोणी विडी टाकतो, वारा सुटला की वणवा थेट काजूच्या बागांत आणि देवराईच्या कडेला. रत्नागिरीतलं रान बहुतेक खासगी मालकीचं. मालक मुंबईला, सातबाऱ्यावर नावांची ही रांग, आणि वनखातं खासगी जागेत जाळरेषा काढून देत नाही.

मग अण्णा डिसेंबर सरता सरता गडी लावायचे. सड्याच्या कडेने कोयत्याने दोन पट्टे साफ करायचे आणि मधलं गवत सकाळी, दव पुरतं उठायच्या आत, आपणच पेटवायचं. गवतात ओल असली की आग रांगत जाते, उडत नाही. दोन्ही अंगांना माणसं ओल्या डहाळ्या आणि भिजवलेली गोणपाटं घेऊन उभी. वारा उठला की काम बंद, पट्टा अर्धा राहिला तरी. गड्यांची मजुरी, भाकरी-सुकट, आणि पुढे पाऊस पडेपर्यंत सड्यावर नजर ठेवणाऱ्या एका माणसाचा पगार. शाळेच्या विहिरीवरचा पंप जळला की त्याचं वाइंडिंगही ह्याच पैशातून.

काकांचं म्हणणं, एवढे घालवतोस तर एसटीच्या थांब्यावर मिलच्या नावाचा निवारा बांध, लोक बसतील तरी. नाहीतर ५ जूनला, पर्यावरण दिनाला, सड्यावर रोपं लावू, पेपरवाल्यांना बोलावू. अहो, ५ जूनला आमच्याकडे पावसाचा पत्ता नसतो कित्येकदा! आणि सड्यावर बोटभर माती, खाली जांभा. तिथे खड्डे मारून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणं म्हणजे होतं ते गवत आणि फुलं घालवणं. ज्या कामाचा फोटो चांगला येत नाही तिथे पैसे द्या, माझं स्पष्ट मत. जाळरेषा, राखणदाराचा पगार, लावलेल्या झाडांना दुसऱ्या उन्हाळ्यातलं पाणी. रोपं द्यायला सगळे तयार असतात, पाणी घालायला कोणी नसतं.

काकांनी पुढे असंही उठवलं की अण्णा मिलचे पैसे उधळतात. साफ खोटं. पै न् पै अण्णांच्या उचल खात्यातून, म्हणजे भागीदार म्हणून ते स्वतःसाठी काढतात त्या पैशातून, गेली आहे, वह्या माझ्याकडे आहेत, ज्यांना बघायच्या त्यांनी याव्यात. तुम्हालाही भागीदार असतील तर आपल्या उचलीतूनच द्या. ड्यूटी फ्री दुकानांवर गब्बर झालेल्या चक फीनीने १९८२ पासून गुपचूप फाउंडेशन चालवलं, कंपनीतला आपला हिस्साही त्यालाच देऊन टाकला होता. १९९७ साली कंपनी विकायची वेळ आली, भागीदाराशी बिनसलं, कोर्टात सगळं बाहेर येणार म्हटल्यावर त्याला स्वतःच तोंड उघडावं लागलं. भागीदारापासून दान लपत नाही.

आता काकांचा एक मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही. अण्णांचे गुडघे गेले, त्या वर्षी जाळरेषा निघाली नाही. कोणी विचारायलाही आलं नाही, कारण ती कोण काढतं आणि पैसे कुठून येतात हे गड्यांशिवाय कोणाला ठाऊकच नव्हतं. मार्चमध्ये सडा पेटला आणि खालच्या वाडीतल्या काजूच्या बागा गेल्या. म्हणून पेपरात नाव नको असेल तर नको, पण ग्रामसभेत एकदा सांगून इतिवृत्तात लिहून घ्या की हे काम दरवर्षी होतं, एवढा खर्च येतो. देणाऱ्याचं नाव न लिहिता हे होतं. आता वाडीतून थोडी वर्गणी निघते, उरलेलं अण्णा घालतात.

संस्थेलाच द्यायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का आणि ऑडिट झालेले हिशेब दाखवतात का, एवढं बघा. नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायचा सीएसआरचा नियम ५०० कोटी नेटवर्थ, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यांपैकी एक गाठणाऱ्या कंपन्यांना आहे. त्यांना ते जाहीर करावंच लागतं, तुमचा प्रश्न नाही. ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकराची वजावट, हवी असेल तर रोख २००० च्या वर देऊ नका. तिथे तुमचा पॅन लागतो, म्हणजे आयकर खात्यापुरतं नाव होणारच. गड्यांना थेट दिलेल्या मजुरीवर तर कसलीच सूट नाही. काकांनी हेही अण्णांना ऐकवलं होतं. अण्णा नवीन करप्रणालीत आहेत, त्यात ८०जीची वजावट तशीही मिळत नाही.